मंदीच्या कादंबरीचं शेवटचं पान

आजच्या या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या वाचनालयाचे कार्याध्यक्ष माननीय पोपटराव. शिरूरहून आणि दौंडहून कामधंदा बाजूला ठेवून आलेले व्यासपीठावरचे पाहुणे. ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो त्या आपल्या ग्रंथपाल आणि सत्कारमूर्ती राजश्रीताई साळवे. त्यांच्या घरची मंडळी. पहिल्या रांगेत रिकामी टोपली शेजारी घेऊन बसलेल्या सोजरबाई. आणि खुर्च्या संपल्या म्हणून पुस्तकांच्या कपाटांना टेकून उभे असलेले माझे सारे वाचक बंधू-भगिनी. सगळ्यांना या म्हाताऱ्याचा नमस्कार.

सूत्रसंचालन करणाऱ्या अक्षदानं मला दहा मिनिटं दिली आहेत. पोरी, तू दिलीस ते बरं केलंस, पण म्हाताऱ्याच्या हातात माइक आणि गुऱ्हाळात शिरलेली माशी, दोन्ही लवकर बाहेर येत नाहीत. सांभाळून घे.

माझी ओळख करून देताना मला 'ज्येष्ठ ग्रंथप्रेमी' म्हणाले. ते फार झालं. मी मारुतराव, चौथी शिकलेला बाइंडर. पुण्याच्या एका छापखान्यात बावीस वर्षं बाइंडिंग खात्यात होतो, नंतर इथं तळेगावात स्वतःचं दुकान टाकलं. शाळेची हजेरीपुस्तकं, सोसायटीची दप्तरं आणि या वाचनालयाची फाटकी पुस्तकं मी शिवत आलो. माणसं आधी वाचतात आणि मग पुस्तक फाटतं. माझं उलटं झालं. मी आधी शिवलं, मग वाचलं. खळ वाळेपर्यंत हाताला दुसरं काम नसायचं, म्हणून समोरचं पान वाचत बसायचं. माझं शिक्षण झालं ते एवढंच.

राजश्रीताईंच्या चौतीस वर्षांच्या नोकरीबद्दल आधीच्या वक्त्यांनी सांगितलं. किती पुस्तकं वाढली, कोणत्या वर्गाचा दर्जा मिळाला, छप्पर कधी गळत होतं आणि कधी थांबलं. ते सगळं खरं आहे. मी मात्र तुम्हाला एकाच पुस्तकाची गोष्ट सांगणार आहे. ताई मान हलवून 'नको' म्हणतायत, ते मला दिसतंय. पण ताई, चौतीस वर्षं तुम्ही 'शांतता राखा' म्हणालात आणि आम्ही राखली. आज नाही राखणार.

बाहेरच्या पाहुण्यांसाठी सांगतो. आमच्याकडे बाजारादिवशी दुपारी वाचनालयाच्या ओसरीवर मोठ्यानं पुस्तक वाचायची चाल आहे. ती ताईंनी पाडली. बाजाराला आलेला माणूस, परतीची जीप भरेपर्यंत काय करणार? बसतो ओसरीवर. कुणी कोथिंबिरीच्या जुड्या बांधतं, कुणी गवार मोडतं, कुणी नुसतंच भिंतीला टेकून डोळे मिटतं, आणि वाचणारा वाचत राहतो. ज्यांना अक्षर येत नाही त्यांनी इथं किती पुस्तकं ऐकली असतील, याची मोजदाद ताईंच्या रजिस्टरमध्ये नाही.

दोन वर्षांपूर्वी पावसाळा सरता सरता ताईंनी वाचायला काढली ती 'मंदीची कादंबरी'. हे तिचं खरं नाव नव्हे. तिला मुखपृष्ठ नव्हतं, पहिली चार पानं नव्हती, लेखक कोण ते ठाऊक नव्हतं. फार पूर्वी अशीच पानं सुटलेली माझ्याकडे बांधायला आली, तेव्हा पुठ्ठ्याच्या पाठीवर काहीतरी लिहायला हवं म्हणून मीच लिहिलं होतं, 'मंदीची कादंबरी'. लेखकानं पाहिलं असतं तर त्यानं कपाळावर हात मारला असता.

गोष्ट होती आपल्या दौंडची. एकोणीसशे एकतीस साल, जगभर मंदी आलेली, गाड्या कमी झालेल्या, आणि इंजिनांच्या शेडमधून चाळीस माणसं एका दिवसात घरी पाठवलेली. त्यातला एक हैबती. इंजिनात कोळसा मारणारा फायरमन. त्याची बायको बयजा. बस्स, ही दोनच माणसं धरून सव्वादोनशे पानांची कादंबरी.

हा हैबती रोज पहाटे भोंगा झाला की निळा शर्ट घालून शेडच्या फाटकावर जाऊन उभा राहतो. कामावरून काढलंय, तरी जातो. जाताना म्हणतो, "आज बोलावतील." बयजा चुलीपुढून मान वर न करता म्हणते, "न्हाई बोलवायचे." दुपारी तो परत येतो. बोलावलेलं नसतं. जेवतो, झोपतो, दुसऱ्या दिवशी पुन्हा शर्ट, पुन्हा फाटक. आणि बयजा काय करते? रुळाकडेची राख चाळून त्यातले जळके कोळसे वेचते, ते विकते, आणि रोज रात्री अर्धी भाकरी शिंक्यावर ठेवून देते. हैबती म्हणतो, "खा की, उद्या बोलावल्यावर मिळंलच." ती म्हणते, "उद्या काय मिळायचं न्हाई. म्हून तर ठेवती."

आता सांगा मंडळी, यातला शहाणा कोण?

आमच्या ओसरीवर या प्रश्नानं दोन तट पडले. आजचे अध्यक्ष पोपटराव हैबतीच्या बाजूचे. त्यांचं म्हणणं, "मी ऊस लावणारा माणूस हाय. अठरा महिने रानाकडं बघत बसायचं, ते आशेवरच. माणूस आशावादी नसंल तर बेणं तरी लावंल का?"

सोजरबाई जुडी बांधता बांधता म्हणाल्या, "आवं पोपटराव, ऊस आशेवर येतो व्हय? पाण्यावर येतो. मी टोपली भरतानाच म्हणती, आज काय खपायचं न्हाई. म्हून अर्धीच भरती. सांजच्याला माझी टोपली मोकळी असती. शेजारची आशेनं भरून आणती, आन् सुकल्याली कोथमीर म्हशीला घालती."

"म्हंजी सगळ्यांनी रडतच बसायचं?"

"ती कुठं रडती? ती तर राख चाळती. बसतोय त्योच, फाटकावर."

हसून हसून ओसरी डोलली. पण मी तुम्हाला खरं सांगतो, मी हसता हसता थांबलो. एका भाजीवालीनं, जिला स्वतःचं नाव लिहिता येत नाही, तिनं एका वाक्यात त्या कादंबरीच्या मुळाला हात घातला होता. पुढच्या बाजाराला तर त्या आणखी पुढं गेल्या. म्हणाल्या, "त्याला आशा परवडती, कारन तिनं भाकरी ठिवल्याली हाय." त्यावर पोपटराव म्हणाले, "आन् तिला निराशा परवडती, कारन सकाळी उठून घरातून कुनीतरी बाहेर पडतंय." अध्यक्षमहाराज, तुमची पुष्कळ भाषणं मी ऐकली. हे त्यातलं सगळ्यात लहान आणि सगळ्यात चांगलं.

आता या गोष्टीत सम्राट येतो. तो मागं दाराशी उभा आहे. त्याची बायको पूनम इथं पुढं बसली आहे. दोघांना विचारूनच सांगतोय. सम्राट म्हणाला, "सांगा आबा, फक्त मला हिरो करू नका." नाही करत.

सम्राट कारेगावला राहतो. तिथल्याच एका कंपनीत ठेकेदाराकडून लाइनवर होता. त्या वर्षी त्याची लाइन बंद झाली. ठेकेदारानं सांगितलं, आठ दिवसांचा ब्रेक आहे, फोन करतो. कारखान्यातल्या पोरांना हा ब्रेक नवा नाही. पण आठाचे पंधरा झाले, पंधराचे महिना झाला, आणि फोन आला नाही. इकडं घरी त्यानं सांगितलंच नव्हतं. का, तर उद्या बोलावणारच आहेत, मग उगाच तिच्या जिवाला घोर कशाला? रोज सकाळी कंपनीचा शर्ट घालायचा, गळ्यात कार्ड अडकवायचं, पूनमनं भरलेला डबा घ्यायचा आणि फर्स्ट शिफ्टला म्हणून निघायचं. कारेगावात थांबला असता तर बातमी त्याच्याआधी घरी पोचली असती. म्हणून बस पकडून इतक्या लांब तळेगावात यायचा आणि वाचनालयात बसायचा. शिफ्ट सुटायच्या हिशोबानं परत.

पहिल्या आठवड्यात मी पुस्तकं न्यायला आलो, तेव्हा त्याला पाहिलं. माझ्या जिभेला हाड नाही. म्हटलं, "काय रे, आज सुट्टी व्हय?" त्याचा चेहरा असा उतरला की मलाच वाटलं, आपण काय पाप केलं. ताई टेबलावरूनच म्हणाल्या, "आबा, ते कामाला आलेत. ही कपाटं लावायची आहेत." आणि खरंच त्यांनी त्याच्यापुढं पुस्तकांचा ढीग ठेवला. त्याला एका शब्दानं विचारलं नाही की बाबा, तू कोण, इथं का बसतोस. अंगावर कंपनीचा शर्ट, हातात डबा, आणि तोंडावर 'विचारू नका' असं लिहिलेलं. ते ताईंनी वाचलं. मंडळी, ग्रंथपाल पुष्कळ असतात, पण असं वाचणारं माणूस मी तरी दुसरं पाहिलं नाही.

मग बाजारादिवशी ताईंचा घसा बसला. "सम्राट, आज तुम्ही वाचता का?" तो लाजत लाजत वाचायला बसला. पुढच्या बाजाराला घसा बसलेलाच. त्याच्या पुढच्याही. पोपटराव म्हणाले, "ताई, डॉक्टरला दाखवा, यवढा घसा बसतो व्हय कुनाचा?" ताई खाणाखुणांनी 'बरं' म्हणाल्या. पोपटराव गेल्यावर मला म्हणाल्या, "आबा, चहा घेणार का?" खणखणीत आवाजात.

सम्राट सुरेख वाचायचा. हैबतीचं 'आज बोलावतील' तर असं म्हणायचा की अंगावर काटा यायचा. आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हतं की तो वाचत नाही, बोलतोय. हैबतीची बाजूही तोच लढवायचा. सोजरबाईंना म्हणायचा, "मावशी, बघा तुम्ही, शेवटी बोलावत्यात का न्हाई त्याला."

असं करत बयजा घरातली पितळी परात विकते, इथपर्यंत आम्ही आलो. आणि त्या आठवड्यात सम्राटला धीर निघाला नाही. तो एकटाच पुस्तक घेऊन शेवटपर्यंत वाचत गेला. शेवटच्या पानावर हैबतीची आशा सरते. तो पहाटे फाटकावर जात नाही. रुळारुळानं चालत सुटतो. आणि पुस्तकातलं अगदी शेवटचं वाक्य असं होतं: 'हैबतीने अंगातला निळा शर्ट काढला, सिग्नलच्या खांबाला अडकवला आणि नदीच्या पुलाकडे' — एवढंच. वाक्य अर्धवट. पुढं पुठ्ठा. पहिली पानं नव्हती तसं शेवटचंही गेलं असेल, असं सारे धरून चालले होते. पण पुढं काय, हे सांगायला पान लागत नाही.

सम्राटनं पुस्तक ताईंच्या टेबलावर ठेवलं. म्हणाला, "ताई, हैबती बी गेला." आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी बाजार होता, तेव्हाही आला नाही.

त्या दुपारी ताई स्वतः वाचायला बसल्या. आवाज साफ. पण पोपटरावांची सुद्धा चेष्टा करायची छाती झाली नाही, असा ताईंचा चेहरा होता. त्यांनी परात विकल्याचं पान पुन्हा वाचलं. आणि सोजरबाई हातातली जुडी खाली ठेवून म्हणाल्या, "थांबा बाई. परात तर ही आत्ता विकतीया. मग मागं एकदा पत्र्याच्या झाकनात पीठ मळत व्हती, ती कशापायी? तवा तर परात घरातच व्हती की."

खरंच, तीन-चार बाजारांपूर्वी तसं वाचलं होतं. त्या भागात हैबती भोंगा होऊनही अंथरुणातून उठतच नाही, बयजा झाकणात पीठ मळते आणि नवऱ्याचा शर्ट घालून फाटकाकडं निघते. मग पान उलटलं तर एकदम, 'निघाला. चार पावलं गेला नाही तोच चपलेचा अंगठा तुटला.' आता निघाली बयजा, आणि अंगठा तुटला कुणाचा? तेव्हाही सगळे अडखळलो होतो. पण पोपटराव म्हणाले होते, "जुनी कादंबरी हाय, आपल्याला तेवढी समजायची न्हाई." आणि आम्ही माना डोलावल्या होत्या. आपल्या लोकांचं हे असंच आहे. बाजारात वांग्याला भोक असलं तर परत देऊ, पण छापलेल्या पानात खोट असली तर खोट आपल्या डोक्यात आहे असं समजू.

सोजरबाईंनी तसं समजायचं नाकारलं.

मी पुस्तक हातात घेतलं. उलगडून शिलाई बघितली. दोरा माझा, गाठ माझी. पुस्तक छापतात ते सोळा सोळा पानांच्या घड्या करून, त्या एका घडीला आम्ही फर्मा म्हणतो. त्या कादंबरीचे चौदा फर्मे होते. मी बांधताना नववा आणि चौदावा यांची अदलाबदल केली होती. शेवटचा मध्ये, मधला शेवटी. पानांवरच्या आकड्यांवरून कुणाच्याही लक्षात आलं असतं. पण कडा फार कुरतडलेल्या होत्या, म्हणून मी मशीनवर खालून जरा जास्तच कापलं होतं. त्यात पानांचे आकडे गेले, आणि 'समाप्त' हा शब्द असेल तर तोही गेला. माझ्या दुकानाच्या कचऱ्यात गेला तो. बावीस वर्षं छापखान्यात काढलेल्या माणसानं केलेली ही चूक. कितीतरी वाचकांनी ती कादंबरी नेली, वाचली, हैबती मेला म्हणून हळहळले आणि परत आणून दिली. तो मारला होता मी.

मी तिथंच ओसरीवर सुरी मागितली आणि शिलाई उसवली. चौदा फर्मे फरशीवर मांडले. ताई एकेकाची पहिली ओळ आणि शेवटची ओळ वाचत होत्या, आणि सोजरबाई डोळे मिटून सांगत होत्या, "हे तिच्या म्होरं. न्हाई, ते न्हाई, तवा शेळी व्हती अजून. हां, आता बसलं." मंडळी, मी आयुष्यात फर्मे जुळवणारी पुष्कळ माणसं पाहिली. आकडे बघून सगळेच जुळवतात. आकडे नसताना, अक्षर येत नसताना, नुसत्या ऐकलेल्या गोष्टीच्या जोरावर आख्खं पुस्तक जुळवणारं माणूस मी त्या दिवशी पाहिलं. माझे हात जोडले गेले. सोजरबाई म्हणाल्या, "हात काय जोडताय, ती पानं उडत्यात, त्याच्यावर ठिवा हात."

'पुलाकडे' या शब्दापुढं 'निघाला' नीट बसलं. चार पावलांवर चपलेचा अंगठा तुटतो. हैबती रुळावर बसून तो जोडायला बघतो, जोडला जात नाही. खडीवरनं अनवाणी काही पुढं जाववत नाही. तेवढ्यात राख चाळायला आलेली बयजा त्याला बघते आणि म्हणते, "चप्पल तुटली का? मग हितंच बसा आन् ही चाळणी धरा." पुलाकडं गेलेला माणूस दुपारपर्यंत चाळणी हलवत बसतो. आणि मग पुढं पाच फर्मे कादंबरी शिल्लक आहे.

ताईंनी दोन फर्मे वर्तमानपत्रात गुंडाळले आणि म्हणाल्या, "पोपटराव, गाडी आहे का?"

पोपटरावांच्या पिकअपमध्ये पुढं ताई, मागं मी आणि सोजरबाई. त्यांना म्हटलं, तुमची टोपली राहिली. म्हणाल्या, "आज अर्धी बी न्हाई खपली, मरू द्या." ताईंनी सम्राटच्या कार्डावर वाचलेल्या नाव-कंपनीवरून कारेगावात विचारत विचारत घर शोधलं. पूनम दारात आली. ताई म्हणाल्या, "सम्राटना एक पुस्तक द्यायचं होतं." पूनमनं आम्हा चौघांकडं एकदा नीट पाहिलं. शांतपणे म्हणाली, "कामावर गेल्यात ते. कंपनीच्या गेटवर बघा." तिनं 'कंपनीत' म्हटलं नाही, 'गेटवर' म्हटलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

तो गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर होता. कंपनीचा शर्ट अंगात नव्हता. घडी करून मांडीवर ठेवला होता. ते बघून ताईंनी माझ्या हाताचा आधार घेतला. चौतीस वर्षांत त्यांना मी स्टूलवर चढतानाही कुणाचा आधार घेताना पाहिलं नव्हतं.

"सम्राट," त्या म्हणाल्या, "हे वाचा. मोठ्यानं."

"ताई, आता नको."

"माझा घसा बसलाय."

त्यानं ताईंकडं पाहिलं, आणि मला वाटतं, त्या क्षणी त्याला इतक्या आठवड्यांचा घसा कळला. तो वाचायला लागला. आधी चपलेचा फर्मा. ते वाचताना मध्येच हसला. मग आम्ही शेवटचा फर्मा दिला, खरा शेवटचा, त्यानं मागं भलत्याच जागी वाचलेला. त्यात हैबती थकलाय. भोंगा होतो आणि तो उठत नाही. सगळी कादंबरीभर 'बोलावतील' म्हणणारा माणूस भिंतीकडं तोंड करून पडलाय. बयजा झाकणात पीठ मळते, भाकरी टाकते. खुंटीवरचा त्याचा निळा शर्ट काढून लुगड्यावरून अंगात घालते.

हैबती विचारतो, "कुठं?"

"फाटकावर."

"बोलवायचे न्हाईत म्हनत व्हतीस."

बयजा म्हणते, "न्हाईच बोलवायचे. इचारून येते."

आणि कादंबरी संपते.

सम्राटनं पान उलटलं. मागं काही नव्हतं. म्हणाला, "मग मिळालं का तिला काम?"

ताई म्हणाल्या, "पुढं काही नाही. हेच शेवटचं पान आहे. या वेळी नक्की."

तो पान पुन्हा उलटून बघायला लागला, तेव्हा पोपटराव म्हणाले, "आरं, त्यात काय बघतोस, चहा निवला." आम्ही पाच जण तिथं बाकड्यावर बसलो. शिफ्ट सुटायला अजून अवकाश होता. इतके बाजार आम्ही भांडत होतो, आशावादी शहाणा की निराशावादी. आणि त्या लेखकानं, ज्याचं नावसुद्धा मला ठाऊक नाही, त्यानं शेवटच्या पानावर दोघांची अदलाबदल करून टाकली होती. आशा असलेला झोपला, आणि जिला काडीची आशा नव्हती ती उठून निघाली. ही अदलाबदल चुकून झालेली नव्हती. पुढं मी मुद्दाम दौंडला गेलो, स्टेशनबाहेर एका म्हाताऱ्या रेल्वेवाल्याला विचारलं, असं कुणी होतं का हो? तो म्हणाला, "असतील की. चाळीस घरं बसली तर त्यात एक तरी अशी असतीच."

सम्राटनं शर्ट अंगात घातला. म्हणाला, "घरी जातो. सांगून टाकतो." पोपटरावांनी गाडीतून सोडतो म्हटलं, तर म्हणाला चालत जातो. तो वळेपर्यंत कुणी हललं नाही.

परत येताना मी पिकअपमध्ये पुढं ताईंशेजारी बसलो. ताईंना विचारलं, "ताई, तुम्ही हैबतीच्या बाजूच्या का बयजाच्या?" त्या खिडकीबाहेर बघत होत्या. म्हणाल्या, "मला नाही सांगता येणार आबा. मी सकाळी कुलूप काढते, खिडक्या उघडते, धूळ झटकते. कुणी येईल असं वाटतं म्हणून नाही. पुष्कळ दिवस कुणीच येत नाही. पण कुणी आलंच, तर त्याला बंद दार दिसू नये." मंडळी, मोठमोठ्या ग्रंथांच्या पाठी मी शिवल्या. एवढं उत्तर मला कुठल्याही पुस्तकात सापडलं नाही.

तर सम्राट घरी गेला. पूनम म्हणाली, "आज लवकर?" त्यानं सगळं सांगितलं, खाली मान घालून. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्रेचाळीस दिवस झाले." तिला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. कंपनीत कँटीन होतं, तेव्हा डबा अर्धा परत यायचा. आता चाटूनपुसून रिकामा यायला लागला. तिनं ओळखलं. पण म्हणाली, "म्हटलं, तुमी सांगाल तवा सांगाल." आणि मधल्या काळात ती तीन ठिकाणी काम विचारून आली होती. दोघांनी नाही म्हटलं, तिसऱ्या एका शिलाईच्या कारखान्यानं सोमवारपासून ये म्हटलं होतं. तिनं ती कादंबरी वाचलेली नव्हती.

कंपनीचा फोन आजतागायत आलेला नाही, हेही सांगतो, नाहीतर गोष्ट खोटी होईल. सम्राट आता एका गॅरेजमध्ये मोटरसायकलींचं काम शिकलाय, आणि रविवारी मला फर्मे जुळवून देतो. आकडे बघून.

आज इथं येताना पूनम भेटली. मी विचारलं, "पोरी, खरं सांग, कंपनी त्याला परत बोलावंल असं तुला वाटत व्हतं का?" म्हणाली, "न्हाई आबा, एक दिवस बी न्हाई वाटलं." म्हटलं, "मग रोज सकाळी उठून डबा कशाला भरत व्हतीस?" ती माझ्याकडं अशी बघायला लागली जणू मी काहीतरी येडपटासारखं विचारलंय. म्हणाली, "भूक तर लागतीच की."

मी तिला पुढच्या रांगेत खुर्ची दिली.

अक्षदा मघापासून घड्याळ दाखवतीये. आपण सगळ्यांनी इतका वेळ कान दिलात, कार्यक्रम करणारी पोरं खुर्च्या-सतरंज्यांपासून चहापर्यंत राबली, अध्यक्षांनी माझी थट्टा सोसली, पाहुण्यांनी जांभया दाबल्या, त्या सर्वांचा मी मनापासून आभारी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाचं नाव राहिलं असेल, एखादा शब्द वावगा गेला असेल, तर तो माझ्या चौथीच्या खात्यावर टाका आणि पोटात घाला.

आणि राजश्रीताई, उद्या सकाळी नऊला कुलूप दुसरं कुणीतरी काढील. तुमचे पाय सवयीनं निघतील आणि कुठं जायचं ते त्यांना कळणार नाही. तेव्हा माझ्या दुकानावर या. तुम्ही भिडस्त, तुम्ही काही येणार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. मी चहाचं आधण ठेवतो.